पवनारच्या टेकाडाखालचे प्रवरपूर

वर्ध्याचा इतिहास केव्हा सुरू होतो? हा प्रश्न या जिल्ह्यातील दहावीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारून पाहावा. बहुतेक उत्तरे १९३६ या सालापाशी येऊन थांबतात. त्या वर्षी गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले. फार खोलात जाणारा एखादा १८६६ सांगेल, कारण त्या साली इंग्रजांनी पालकवाडीच्या जागी सरळ रस्ते आखून वर्धा शहर वसविले. त्याआधी येथे काय होते? रान होते, असे गृहीत धरले जाते. रानात माणसे होती काय, नगरे होती काय, राजे आणि कवी होते काय, हा प्रश्न आपल्या मुलांच्या मनात येत नाही. कारण तो त्यांच्या शिक्षकांच्या मनात कोणी येऊ दिलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात पवनारला धामच्या पुलाजवळ सहलीच्या तीन गाड्या थांबलेल्या पाहिल्या. मुले आश्रमात गेली, रांगेने फिरली, नदीच्या पात्रातील खडकांवर बसून डबे खाल्ले आणि निघाली. बरोबरच्या एका गुरुजींना सहज विचारले, ‘मूर्ती पाहिल्या का?’ ते म्हणाले, ‘हो, आश्रमातल्या ना? विनोबांनी करवून घेतलेल्या.’ गुरुजींचा दोष नाही. त्यांना जे शिकविले गेले तेच ते पुढे शिकवीत आहेत. पण दीड सहस्र वर्षांपूर्वीच्या शिल्पासमोर उभे राहून ते पन्नास-पाऊणशे वर्षांचे समजावे, याहून आत्मविस्मृतीचा दुसरा पुरावा कोणता हवा?

या शिल्पांची कथा मुळातून सांगितली पाहिजे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते. बाराव्या अध्यायाच्या निमित्ताने त्यांनी लक्ष्मण आणि भरत या दोघांच्या भक्तीची तुलना केली आणि राम-भरत भेटीचे चित्र कोणी काढले तर किती बहार होईल, अशा आशयाची इच्छा बोलून दाखविली. १९३८ साली ते पवनारला आले. तेथे जमीन खणताना मातीतून एकामागून एक मूर्ती वर येऊ लागल्या आणि त्यांत राम-भरत भेटीचा शिलापट निघाला. विनोबांनी भक्तिभावाने त्याची स्थापना केली. ज्याला जे मागितले ते भूमीनेच दिले, असा हा प्रसंग आहे. परंतु ती भूमी कोणाची, तिच्या पोटात हे कोणी ठेवले, हा प्रश्न विचारणारा एकच माणूस त्या काळी विदर्भात होता. त्याचे नाव महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी.

कोकणात जन्मलेल्या आणि नागपुरात आयुष्य वेचलेल्या या संस्कृतपंडिताने वाकाटकांचा इतिहास अक्षरशः ताम्रपटांच्या ओळींतून उभा केला. १९६३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा वाकाटक लेखांचा ग्रंथ आजही त्या विषयाचा पाया आहे. दुसऱ्या प्रवरसेनाचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, दिलेले आहेत, नंतरचे प्रवरपुराहून. राजाने आपल्या नावाचे नवे नगर वसविले आणि राजधानी तेथे नेली. ते नगर म्हणजे पवनार, असे मिराशींनी प्रतिपादिले. आश्रमातील शिलापटांत त्यांनी राम-भरत भेट, वाली-सुग्रीवांचे युद्ध असे रामायणातील प्रसंग ओळखले आणि ते प्रवरसेनाने बांधलेल्या रामचंद्राच्या मंदिराचे अवशेष मानले. प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या आणि रामगिरीवरील स्वामींची परम भक्त. पती रुद्रसेनाच्या निधनानंतर तिने अल्पवयीन पुत्राच्या नावाने राज्य चालविले. प्राचीन भारतात स्त्रीला अधिकार नव्हता, हे वाक्य पाठ करून बोलणाऱ्यांनी तिचे ताम्रपट एकदा वाचावेत. तिचा एक ताम्रपट रिद्धपूरला सापडला. होय, चक्रधरस्वामींच्या गुरूंचे तेच रिद्धपूर, जेथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे.

प्रवरपुराहून निघालेल्या आज्ञांचे स्वरूप काय होते? प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षाचा चम्मक ताम्रपट पाहा. भोजकट राज्यातील मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव, आठ हजार भूमीचे, एक हजार ब्राह्मणांना दिले आहे. येथवर वाचून आमचे पुरोगामी पंडित हात झटकतात: ‘झाले, पुन्हा ब्राह्मणांना दान!’ त्यांनी पुढचा मजकूर वाचावा. हे दान चंद्रसूर्य असेतो टिकेल, पण अटींवर. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करू नये, राजावर विषप्रयोग करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. यांतील काही केले, तर राजाने जमीन परत घेतल्यास ती चोरी ठरणार नाही. ब्राह्मणालाही अटीत बांधणारी आणि त्या अटी धातूवर कोरून ठेवणारी ही राज्यव्यवस्था होती. ती अरण्यातील टोळीची व्यवस्था नव्हती. तिच्यामागे लेखनिक होते, दप्तर होते, सीमा मोजणारे अधिकारी होते.

सीमांचा विषय निघाला म्हणून वर्धा जिल्ह्यातीलच उदाहरण घेऊ. जांब या गावी प्रवरसेनाचा दुसऱ्या राज्यवर्षाचा ताम्रपट मिळाला. त्यात कोथुरक गावाच्या दानाची चतुःसीमा दिली आहे: उमा नदी, चिंचापल्ली, बोंथिकवाटक आणि मंडुकिग्राम. मिराशींनी उमा म्हणजे आजची वणा आणि मंडुकिग्राम म्हणजे आजचे मांडगाव असल्याचे दाखविले. सोळाशे वर्षे झाली, राज्ये बुडाली, राजधान्या पालटल्या. मांडगावचा शेतकरी मात्र आजही सातबाऱ्यावर तेच नाव लिहून घेतो. तिकडे आर्वी भागात बेलोऱ्याला प्रवरसेनाचे आणखी ताम्रपट मिळाले. देवळीला राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा शके ८६२ चा, म्हणजे इसवी सन ९४० चा ताम्रपट मिळाला आणि त्यात ‘नागपूर-नंदिवर्धन’ असा विभागाचा उल्लेख आहे. नागपूर हे १७०२ च्या सुमारास बख्त बुलंद शाहाने वसविले, एवढेच आपण शिकतो. त्या गोंड राजाचे कर्तृत्व मोठेच आहे. पण त्याच्या साडेसातशे वर्षे आधी नागपूर हे नाव राजपत्रात लिहिले जात होते, आणि त्याचा पुरावा वर्धा जिल्ह्यातील देवळीच्या मातीतून आला, हे किती देवळीकरांना ठाऊक आहे?

नगरे हवेत उभी राहत नाहीत. ती वाटांवर उभी राहतात. सातपुड्याच्या खिंडी उतरून येणारी उत्तरेची वाहतूक विदर्भाच्या मैदानात शिरे. पवनी, अडम, कौंडिण्यपूर ही नगरे त्या मैदानात होती. पुढे भोकरदन आणि पैठण. तेथून सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे जुन्नर आणि नाणेघाट उतरून कोकणची बंदरे. पैठण आणि तेर येथील माल भडोचला जात असल्याचे एका ग्रीक नावाड्याने पहिल्या शतकात लिहून ठेवले. माहुरझरीचे मणी घडविणारे कारागीर, नाईकुंडला भट्टीत लोखंड गाळणारे लोहार आणि आपल्या जिल्ह्यातील खैरवाड्याची शिळावर्तुळे रचणारे लोक हे सर्व वाकाटकांच्याही कित्येक शतके आधीचे. नाणेघाटात पावसाळ्यात तरुणांची झुंबड उडते, नागनिकेच्या लेखासमोर छायाचित्रे काढली जातात. त्यात गैर काही नाही. पण घाटातून जो माल उतरत असे तो देशाच्या आतल्या भागातून येत असे, आणि तो आतला भाग म्हणजे आपण, हे विदर्भाने विसरावे काय?

पवनारची एक लोककथा जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदलेली आहे. पवन नावाच्या राजाजवळ परीस होता. तो शेतकऱ्यांकडून सारा म्हणून नांगराचे लोखंडी फाळ घेई आणि त्यांचे सोने करी. इंग्रज अधिकाऱ्याने ती भाबड्या लोकांची गोष्ट म्हणून लिहिली. प्रस्तुत लेखकाला ती तशी वाटत नाही. विदर्भात लोखंड गाळले जात होते हे उत्खननाने सिद्ध झाले आहे. लोखंडाच्या फाळाने काळी जमीन फुटली, पीक आले, पिकावर नगर उभे राहिले. लोखंडाचे सोने होते ते असे. पुस्तक न वाचलेल्या माणसाने ही आठवण परिसाच्या गोष्टीत जपली. पुस्तके वाचलेल्यांनी ती हसण्यावारी नेली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप विद्वानांचा आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. गेल्या शतकाच्या अखेरीस रामटेकजवळ मनसरला मोठे उत्खनन झाले. तेथे भव्य मंदिर निघाले आणि ‘प्रवरेश्वर’ असे नाव असलेल्या मुद्रा मिळाल्या. तेव्हापासून प्रवरपूर म्हणजे पवनार नव्हे, मनसर, असे अनेक अभ्यासक मानतात. काही जण आश्रमातील शिलापटांचा अर्थही मिराशींहून वेगळा लावतात. हा वाद पुराव्याने सुटेल, घोषणांनी नव्हे. परंतु या वादाच्या आड लपून पवनारकडे पाठ फिरवणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, नाव कोणतेही असो, शिल्पे खोटी झाली काय? नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ साली येथे उत्खनन करून वस्तीचे थरावर थर दाखविले, ते खोटे झाले काय? वाकाटकांनी नाणीच पाडली नाहीत, असे पूर्वी मानत. पुढे पवनारसह विदर्भातील स्थळांच्या तांब्याच्या लहान नाण्यांवर अजय मित्र शास्त्री यांच्यासारख्या विद्वानांनी वाकाटक नावे वाचली. ती नाणी खोटी काय? राजधानीचा मान मनसरला गेला म्हणून पवनार रान ठरत नाही.

दुसरा आक्षेप मात्र विद्वत्तेचा नाही, वृत्तीचा आहे. प्राचीन वारशाचा उच्चार केला की ‘पुनरुज्जीवनवाद’ हा शिक्का तयारच असतो. सेवाग्रामची कुटी जपणे हे इतिहासप्रेम आणि पवनारची वीट जपणे हा मात्र पुनरुज्जीवनवाद, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? सेवाग्राम जपलेच पाहिजे. जुलै १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव वर्ध्यातच आकाराला आला, याचा कोणत्या वर्धेकराला अभिमान नाही? पण एका थराने दुसरा थर झाकण्याचे कारण नाही. स्वतः विनोबांनी जमिनीतून निघालेला राम बाहेर टाकला नाही, त्याला मंदिर दिले. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी तरी हे ध्यानात घ्यावे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या लोकांना सांगायची आहे आणि ती कडू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गावोगावी पेढे वाटले गेले. याच प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य आहे. श्रीरामाने सागरावर सेतू बांधला, ही त्याची कथा. बाणभट्टाने त्याची कीर्ती गायिली, दंडीने महाराष्ट्रीची थोरवी सांगताना त्याचेच नाव घेतले, आणि अकबराच्या काळातही त्यावर संस्कृत टीका लिहिली गेली. त्या पेढ्यांच्या दिवशी वर्ध्यात किती व्यासपीठांवरून ‘सेतुबंध’चे नाव उच्चारले गेले? शोभायात्रेत रामाचा रथ ओढायला आपण हजार हात देतो. रामाचे काव्य लिहिणारा राजा ज्या मातीत वावरला तेथील वीट कोणी घराच्या जोत्यात बसवली तर आपण मान फिरवतो. यासाठी दिल्लीतील इतिहासकारांना दोष देता येणार नाही.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील बरेचसे शासनाची वाट न पाहता होण्यासारखे आहे. जांब, बेलोरा आणि देवळी या तीन ताम्रपटांचा मराठी अनुवाद छापून जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत पोहोचवावा. त्याचा खर्च एका गणेश मंडळाच्या मंडपाहून कमी येईल. मांडगाव ग्रामपंचायतीने आपल्या वेशीवर मंडुकिग्राम हे नाव लिहावे. पवनारच्या टेकाडाची मोजणी होऊन त्यावरील नव्या खोदकामाला पुरातत्त्व विभागाची अनुमती बंधनकारक करण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करावी. तेथे राहणाऱ्या कुटुंबांना उठवून नव्हे, त्यांना बरोबर घेऊन, कारण विहीर खणताना पहिली मूर्ती त्यांच्याच हाती लागणार आहे. सहलींचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. त्याआधी आपल्या गावच्या शाळेतील गुरुजींना भेटावे आणि आश्रमातील त्या शिलापटांचे वय त्यांना सांगावे.