इंजिन ठोकतंय, तांडेल!
१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते. ट्रॉलरचं इंजिन खोलायला याहून चांगला मुहूर्त नाही. भार पडताच खालून जड ठोका आणि इंजिन तापल्यावर घसरलेलं ऑइल प्रेशर, म्हणजे संशय क्रँकच्या बेअरिंगवर. दाट तेल ओतून काटा वर आणणं ही निव्वळ धूळफेक. (बोट विकायला काढणारे मात्र हे हमखास करतात.) बेअरिंग काढून पाहा: करडा थर उडून तांबूस धातू दिसला, की ते गेलं. तेल दुधाळ असेल, तर आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा. नाहीतर नवंही तसंच जाईल. क्रँक ०.२५ मिलिमीटर घासून घेतला, तर त्याच मापाचं अंडरसाइज बेअरिंग लागतं. मायक्रोमीटर न लावता बेअरिंग बसवणाऱ्या मिस्त्रीला इंजिनाला हात लावू देऊ नका.