दापोलीनें काय दिलें?

वैशाखांत रत्नागिरींतील एखाद्या सुशिक्षित घरीं आमरसाची वाटी पुढें आली कीं एक प्रश्न हटकून निघतो: ‘दापोलीच्या कृषि विद्यापीठानें आम्हां कोंकण्यांस दिलें तरी काय?’ विचारणारास उत्तर नको असतें. ढेकर देतांच तो प्रश्न विसरतो.

उत्तर मात्र आहे. १९७२ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या वेंगुर्ला येथील संशोधन केंद्रानें १९८१ सालीं नीलम व हापूस यांच्या संकरांतून ‘रत्ना’ नांवाचा आंबा सिद्ध केला. हापूस एक वर्ष धरतो, दुसऱ्या वर्षीं रुसतो. शिवाय वरून निर्मळ दिसणाऱ्या फळाच्या पोटांत साका निघतो. रत्ना साक्यापासून मुक्त आहे व बहुधा दरवर्षीं फळतो. १९९२ सालीं आलेल्या ‘सिंधु’ची कोय अगदीं पातळ. वेंगुर्ला येथेंच निपजलेल्या जातींचीं काजूकलमें तर आज कोंकणांतील वरकस जमिनींत ठिकठिकाणीं उभीं आहेत.

मग बाजारांत रत्ना इतका विरळा कां? ‘हापूसची चव त्यास नाहीं’, असें उत्तर मिळेल. रुचीचा वाद मी घालीत नाहीं. परंतु असें म्हणणारांपैकीं किती जणांनीं रत्ना चाखला आहे? आम्ही फळ घेत नाहीं, नांव घेतों. २०१८ सालीं हापूसला भौगोलिक मानांकन लाभलें तें योग्यच झालें. पण सगळी बाग एकाच जातीवर सोंपविणें म्हणजे सगळें घर एकाच वाशावर तोलणें होय. अवकाळी पाऊस मोहरावर पडला कीं बागायतदाराच्या माथीं दलालाची उचल तेवढी उरते.

विद्यापीठासहि मी निर्दोष म्हणत नाहीं. आपलीं कृषि विद्यापीठें ज्या अमेरिकन नमुन्यावर उभीं राहिलीं, तेथें संशोधन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याची व्यवस्था १९१४ च्या कायद्यानेंच झाली. शिक्षण, संशोधन व विस्तार या तीन कामांतलें तिसरें आमच्याकडे लंगडें राहिलें. नवी जात जाहीर केली म्हणजे कर्तव्य संपलें, ही समजूत घातक आहे. फळास गिऱ्हाईक मिळेपर्यंत विद्यापीठानें बागायतदाराची सोबत केली पाहिजे.

पण ती सोबत करणार कोण? कृषि पदवीधरच. आणि आम्ही मुलास ती पदवी घ्यावयास पाठवितों, ती बहुधा स्पर्धापरीक्षेची पायरी म्हणून. वडिलार्जित बागेवर नेपाळी राखणदार ठेवला कीं आमची शेतीशी असलेली बांधिलकी संपते. ज्या घरानें विद्यापीठास ना गिऱ्हाईक दिलें ना मनुष्य, त्यानें वरील प्रश्न कोणत्या तोंडानें विचारावा?

पुढील मोसमांत पेटी सांगतांना बागायतदाराकडे एक डझन रत्ना मागावे, आणि पदवीधर मुलास एक वर्ष तरी बागेंत राहूं द्यावें. मग दापोलीकडे जाब मागावयास मी स्वतः बरोबर येईन.