छप्पन्न प्लगांचं सोनं

"जुनी इंजिनं दणकट होती हो!" हे वाक्य आमच्या आष्टीच्या पारावर रोज ऐकू येतं. सुरुवात टेबलफॅनपासून होते आणि गाडी विमानापर्यंत जाते. म्हणे, "त्या टपालाच्या डाकोटाला कधी काही झालं का?"

व्हायचं हो! १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता नि मद्रासहून टपालाची विमानं मध्यरात्री नागपुरात जमत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. डाकोटाला दोन इंजिनं, प्रत्येकाला १४ सिलिंडर, दर सिलिंडरला दोन प्लग. एकूण ५६! स्कूटरचा एक प्लग काळा पडला तर आपली अर्धी रजा जाते. शिवाय उभ्या इंजिनातलं तेल खालच्या सिलिंडरांत झिरपे. म्हणून आधी प्रोपेलर हातानं फिरवून बघायचा, नाहीतर सुरू करताना कनेक्टिंग रॉड वाकलाच.

पुढे एअर इंडियानं सुपर कॉन्स्टेलेशन आणलं. त्याच्या एकेका इंजिनाला १८ सिलिंडर, वर धुराच्या झोतावर फिरणारी तीन टर्बाइनं. वाया जाणाऱ्या धुरातूनही वसुली! (ही कल्पना नक्की एखाद्या हिशेबनिसाची.) मागच्या ओळीला वारा कमी, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत. या चार इंजिनांच्या विमानाला विमानवाले थट्टेनं 'जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनांचं विमान' म्हणत. १९६० साली जेट बोइंग ७०७ आलं, तेव्हा प्लग पुसणाऱ्यांनी सुस्कारा सोडला असेल.

तरी पारावर श्रेय इंजिनालाच. रात्री दोनला शिडीवर चढून गरम सिलिंडरशी झटणाऱ्या मेकॅनिकचं नाव कोणी काढत नाही. त्याला ओव्हरटाइम मिळे का, हेही कोणी विचारत नाही.