पंधराव्या वर्षी बॅट काढून घेणारे

जळगावात भाषणांतून प्रतिभाताई पाटलांचे नाव निघाले की आधी कौतुक होते ते डोक्यावरच्या पदराचे. मू. जे. महाविद्यालयात शिकताना त्यांनी आंतरमहाविद्यालयीन टेबल टेनिसमध्ये ढाली मिळवल्या, हे सांगणारा वक्ता मी तरी ऐकलेला नाही. त्या १९६२ साली, सत्ताविसाव्या वर्षी, जळगावच्या आमदार झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती. पदर मिरवायला सगळे पुढे. बॅटचे नाव काढले तर उद्या घरातली पोरगीही मागेल ना!

विम्बल्डनने बायकांना एकेरी खेळू दिली १८८४ मध्ये. तीनच वर्षांनी, १८८७ साली, लॉटी डॉड पंधराव्या वर्षी जिंकली. एकेरीत तिच्याहून लहान विजेती तिथे आजवर झालेली नाही. पुढे आणखी चार विजेतेपदे, मग गोल्फचे अजिंक्यपद, १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीचे रौप्य. ती श्रीमंताची होती, हे मान्य. बाप लिव्हरपूलचा कापूस दलाल; घरच्या आवारातच टेनिसची कोर्टे. आपला कापूसही त्या काळात मुंबईमार्गे लिव्हरपूलला जात होता. दलालाची लेक कापसाच्या पैशावर खेळली. कापूस पिकवणाऱ्याची लेक आजही कापसापायी मैदान सोडते.

शाळांच्या स्पर्धा आणि वेचणी, दोन्ही दिवाळीच्या आगेमागे येतात. खो-खोत तालुका गाजवलेली नववीतली मुलगी जिल्ह्याच्या सामन्याला वावरात असते. धुळ्याकडे आजी सांगून मोकळी होते, ‘आते मोठी व्हयनी, घरमा बठ.’ मजुरी परवडत नाही, हे बापाचे म्हणणे खरे आहे. पण त्याच घरातला मुलगा त्याच दिवशी मोटारसायकलवरून क्रिकेटच्या टूर्नामेंटला जातो. त्याच्या वाट्याची बोंडे कोण वेचते? आणि गुरुजी, दहावीचे वर्ष म्हणून खेळाचा तास गणिताला देऊन टाकणारे तुम्हीच ना?

मुंबईच्या लीला राव १९३४ मध्ये विम्बल्डनचा सामना जिंकल्या. असा विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांचे नाव आमच्या किती शाळांच्या भिंतीवर आहे?

मला सत्कार नकोत, महिला दिनाच्या रांगोळ्या नकोत. यंदा मुलगी जिल्ह्याच्या संघात आली, तर तिला सामन्याला पाठवा आणि वेचणीला पोराला न्या.