शीर्षक आणि खेळ : एक विचार

नाटकाचे नाव त्याच्या पोटातील अर्थ प्रकट करणारे असावे, अशी अपेक्षा विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त व्यक्त केली आहे. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' ती फार सूक्ष्मपणे पुरी करते. नायक-नायिकेची नावे बाजूला सारून हे नाटक एका मुलाच्या मातीच्या गाडीचे नाव धारण करते. आणि त्या खेळण्यात ठेवलेले दागिनेच पुढे चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. व्हिडिओ गेमच्या शीर्षकांचा मात्र साहित्यविचारात असा विचार सहसा होत नाही. ती विक्रीसाठी डकवलेली चिठ्ठी मानली जातात.

या समजुतीत तथ्य नाही असे नव्हे. 1980 साली जपानमध्ये 'पक मॅन' या नावाने आलेला खेळ अमेरिकेत 'पॅक-मॅन' झाला, तो पहिल्या अक्षरात कोणी खोडसाळपणे फेरफार करील या भीतीपोटी. परंतु मूळ नाव ज्या 'पाकू-पाकू' या जपानी ध्वन्यनुकारी शब्दावरून आले, तो तोंडाच्या उघडझापीचा, मराठी 'गपागप'च्या जवळचा शब्द आहे. खेळणाराला जे करावयाचे, तेच नावात आहे. 'डाँकी काँग' (1981) प्रतिस्पर्ध्याचे नाव घेतो, तर 'द लेजेंड ऑफ झेल्डा' (1986) राजकन्येचे. खेळणारा ज्याच्या रूपाने वावरतो, तो लिंक शीर्षकात नाही. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (1985) सारखी नायकप्रधान शीर्षकेही आहेत, हे खरे. तरीही नायकाची जागा खेळणाराने भरावयाची असल्यामुळे शीर्षक ती मोकळी ठेवू शकते, हा या माध्यमाचा विशेष मानावा लागेल.

शीर्षकाचे भाषांतर होते तेव्हा हा प्रश्न अधिक गहन होतो. फुमितो उएदा यांच्या 2005 सालच्या खेळाचे जपानी नाव 'वांडा आणि महामूर्ती' अशा अर्थाचे आहे. त्यात दोघे केवळ समोरासमोर उभे आहेत. इंग्रजीत तो 'शॅडो ऑफ द कोलॉसस' झाला. मृत तरुणीला जिवंत करण्यासाठी नायक सोळा महाकाय प्राण्यांचा वध करतो. प्रत्येक वधानंतर काळोखाचे धागे त्याच्या देहात शिरतात आणि अखेरीस तो स्वतःच एक प्रचंड काळी आकृती होतो. प्रारंभी त्या महाकायांची वाटणारी सावली शेवटी नायकाची ठरते. नाटकाचा प्रेक्षक असा पालट पाहतो. येथे तो खेळणाराच्याच हातून घडलेला असतो. शीर्षकाचा अर्थ उमगतो, तोच मुळी अपराधाच्या जाणिवेसह.

भारतीय भाषांपुढील प्रश्न येथून सुरू होतो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 2020 सालच्या खेळाचे नाव 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' असे आहे. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही नवी कथा पुराणांतील देवदैत्यांच्या आधारे उभी राहते आणि स्वतःला प्राचीन महाकाव्य म्हणवते. हा दावा 'एपिक' या शब्दात खपून जातो. 'महाकाव्य' म्हणताच त्याची परीक्षा सुरू होते.

इंग्रजी नावे केवळ देवनागरीत लिहिल्याने ही परीक्षा टळते, पण अर्थही हरवतो. उएदांच्या खेळाला मराठी नाव द्यावयाचे झाल्यास 'छाया' म्हणावे की 'पडछाया'? पहिल्या शब्दात आश्रयाचा भाव आहे, दुसऱ्यात तो नाही. ही निवड शब्दकोश करू शकत नाही. खेळ शेवटपर्यंत खेळलेला भाषांतरकारच ती करू शकेल.