शंभर टक्के, पण कोणाचे?

उन्हाळ्याच्या सुटींत दहावीचा निकाल लागतो, आणि गांवोगांवच्या शाळांच्या दारांवर शेंकडेवारीचे फलक झळकूं लागतात. 'शाळेचा निकाल शंभर टक्के' हीं अक्षरें वाचून पालक संतोष पावतात, गुरुजनांस श्रमांचें सार्थक झाल्यासारखें वाटतें, आणि पुढील वर्षीं मुलाचें नांव कोणत्या शाळेंत घालावें याचा निर्णयहि पुष्कळ घरीं त्या फलकावरूनच होतो. या आनंदांत विघ्न आणण्याची आमची इच्छा नाहीं. तथापि हे शंभर टक्के कोणाचे, असा प्रश्न विचारल्यावांचून त्या फलकाचा अर्थ लागत नाहीं, असें आमचें नम्र मत आहे.

इ. स. २०२५ च्या परीक्षेंत सबंध महाराष्ट्राचा निकाल ९४.१० टक्के लागला. कोकण मंडळानें ९८.८२ टक्के मिळवून नेहमींप्रमाणें पहिला क्रमांक राखला. आपला रायगड जिल्हा कोकणांतला खरा. पण परीक्षेपुरता तो मुंबई मंडळांत मोडतो. पोलादपुराहून कशेडी घाट ओलांडून पलीकडे उतरलें कीं कोकण मंडळाची हद्द लागते. घाटाच्या दोन्ही अंगांस तीच भातशेती, तोच पाऊस, आणि मुंबईहून येणाऱ्या पैशांवर चालणारे तेच संसार. तरी कागदावर एक मुलगा मुंबईच्या सरासरींत मिसळतो व दुसरा कोकणच्या. त्याच वर्षीं राज्यांत मुलींचा निकाल ९६.१४ टक्के, तर मुलांचा ९२.३१ टक्के होता. ही गोष्ट अभिमानाची खरी. परंतु हा हिशेब परीक्षेस बसलेल्या मुलींचा आहे. शाळा दूर पडते म्हणून मध्येंच घरीं बसविलेली मुलगी त्यांत कोठेंहि नाहीं.

याहून मोठा धडा २०२१ सालानें दिला. कोरोनाच्या सांथीमुळें त्या वर्षीं दहावीची परीक्षाच झाली नाहीं. शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावरून १६ जुलै रोजीं निकाल जाहीर झाला, आणि तो ९९.९५ टक्के होता. ज्या वर्षीं वर्ग बंद राहिले, त्याच वर्षीं निकाल जवळजवळ पूर्ण! त्यानंतर सहाच दिवसांनीं, २२ जुलै रोजीं, पुराचें पाणी महाड शहरांत शिरलें, आणि तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं बळी घेतले. ज्या मुलांचीं दप्तरें चिखलांत गेलीं, त्यांच्या पुढच्या गुणपत्रिकेंत तो चिखल दिसत नाहीं.

आपल्या भागांतील एखाद्या मोठ्या माध्यमिक शाळेचा वर्ग डोळ्यांपुढें आणावा. पुढच्या बांकावर व्यापाऱ्याचा मुलगा आहे; त्याच्या घरीं पुस्तकें आहेत, सायंकाळीं शिकवणी आहे. शेजारीं औद्योगिक वसाहतींत कामास आलेल्या परप्रांतीय कामगाराचा मुलगा. तो घरीं हिंदी बोलतो व शाळेंत मराठींतून शिकतो. मागें खेड्यांतली एक मुलगी. तिचे आईबाप मुंबईस, ती आजीपाशीं. पाणी भरून, भाकऱ्या भाजून ती एस. टी. गांठते. डोंगरावरच्या धनगरवाड्यांतील मुलास ओढा भरला म्हणजे शाळेस येतांच येत नाहीं. आणि कातकरी वाडींतला मुलगा दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेला, कीं पावसाळा तोंडावर येईपर्यंत त्याची जागा रिकामी राहते. या पांचांना एकच प्रश्नपत्रिका मिळते. तें योग्यच आहे. परंतु पांचांनीं मिळविलेल्या साठ गुणांमागचे श्रम सारखेच मानावेत काय?

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वींची एक गुणपत्रिका आठवते. मुंबईंतील एल्फिन्स्टन हायस्कूल ही त्या काळची नामांकित सरकारी शाळा. तेथून १९०७ सालीं एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. परळच्या चाळींतील एका खोलींत, घरच्या सर्वांच्या गर्दींत त्याचा अभ्यास चाले. संस्कृत शिकण्याची इच्छा असतांहि अस्पृश्य म्हणून तें त्यास नाकारलें गेलें, व फारसी घ्यावी लागली. त्यास ७५० पैकीं २८२ गुण मिळाले. म्हणजे शेंकडा अडतीसहि नव्हेत. आजच्या फलकावर त्याचें छायाचित्र लागलें नसतें! परंतु त्या गुणांचें मोल ओळखणारे लोक तेव्हांहि होते. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखालीं त्याच्या सत्काराची सभा भरली, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनीं आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्यास भेट दिलें. तोच विद्यार्थी पुढें डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर या नांवानें जगास ज्ञात झाला.

याच बोल्यांनीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत जो ठराव आणला, त्यांत सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाहि अस्पृश्यांस खुल्या असाव्यात असें होतें. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं त्यास अनुसरून ठराव केला. पण कागदावरचा ठराव पाण्यापर्यंत पोंचला नाहीं, म्हणून २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेबांस चवदार तळ्यावर यावें लागलें. शाळेचेंहि तसेंच आहे. दार उघडें असल्याचा ठराव निराळा, आणि आंत आलेलें मूल शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकणें निराळें.

आज कोणी मुलास दारांतून उघडपणें परत लावीत नाहीं. परंतु नववींत मागें पडलेल्या मुलाच्या पालकांस बोलावून, "यास सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा," असा सल्ला कांहीं ठिकाणीं दिला जातो, हें गुपित राहिलेलें नाहीं. तो फॉर्म ज्याची शाळा सुटली त्याच्यासाठीं आहे. शाळेनेंच ज्यास सोडलें त्याच्यासाठीं नव्हे. अशा रीतीनें मिळविलेले शंभर टक्के म्हणजे आजाऱ्यांस बाहेर काढून दवाखाना निरोगी झाल्याचें सांगण्यासारखें होय.

कोणी म्हणेल, ही तर कमी गुणांची वकिली झाली. तसें मुळींच नाहीं. ज्याच्या घरीं दुकान आहे, चार ओळखी आहेत, त्यास थोड्या गुणांवरहि दिवस काढतां येतात. वाडींतल्या मुलास गुणपत्रिकेखेरीज दुसरें भांडवल नाहीं. म्हणून त्यास दयेचे गुण नकोत, जादा शिकवणें हवें. वीटभट्टीवरून परतल्यावर चुकलेला अभ्यास भरून देणारा शिक्षक हवा, आणि दूरच्या मुलीस वसतिगृह किंवा वेळेवर येणारी एस. टी. हवी. शाळांनीं आपल्या वार्षिक अहवालांत शेंकडेवारीबरोबर आणखी तीन गोष्टी छापाव्यात, अशी आमची सूचना आहे: पांचवींत किती मुलें आलीं, त्यांपैकीं दहावीस किती बसलीं, आणि जीं मध्येंच गेलीं तीं कोठें गेलीं.

पालकहो, शाळा निवडतांना निकालाबरोबर या तीन गोष्टीहि विचारा. विचारणारे वाढले म्हणजे सांगणारेहि पुढें येतील. विद्यार्थिमित्रांनो, बांकावरचा सोबती चार दिवस दिसला नाहीं तर त्याची चौकशी करा, आपली वही त्यास द्या. आणि निकालाच्या दिवशीं फलक वाचतांना, आरंभीं आपल्या वर्गांत किती जण होते तें एकदां मोजून पाहा. तितकेच जण शेवटपर्यंत बरोबर आले असतील, तर तो दिवस शाळेच्या खऱ्या सणाचा होय.