व्हायरल लोड तपासता, मग हृदय का नाही?

नागपूरकरांनो,

१ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीवरची एआरटीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. तेव्हा तिशीत असलेली, गोळ्या नेमाने घेऊन जगलेली माणसं आज पन्नाशीपुढे गेली आहेत. एचआयव्हीतून वाचलेली ही माणसं टाळता येण्याजोग्या हृदयविकाराने जावीत, हे आम्हाला मान्य नाही.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दिसेनासा झाला तरी शरीरातला दाह पुरता विझत नाही. तो रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर पोखरत राहतो. रिटोनाव्हीरसारख्या औषधांनी रक्तातली चरबी वाढते. टीबी झाला तर हृदयाच्या आवरणात पाणी भरू शकतं. त्यात आपल्याकडे चौकाचौकांत घोटला जाणारा खर्रा! एआरटीवर असलेल्या मित्रापुढे खर्रा धरणाऱ्याने आधी त्याच्या हृदयाचा विचार करावा.

औषधांनी चरबी वाढेल या भीतीने एआरटीच्या गोळ्या मात्र सोडू नका. गोळ्या मध्येच थांबवणाऱ्यांत हृदयविकार वाढतो, हे २००६ मध्येच सिद्ध झालं आहे.

उपायही हाताशी आहे. भारतासह १२ देशांतल्या ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ एचआयव्हीबाधितांवर 'रिप्रीव्ह' चाचणी झाली. या लोकांचा धोका फार मोठा मानला जात नव्हता, तरीही रोज पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनची एक गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघातासारख्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. हा निकाल २०२३चा आहे. पण स्टॅटिन डॉक्टरांना विचारूनच घ्या. रिटोनाव्हीरसोबत सिम्व्हास्टॅटिन घातक ठरू शकतं.

मेडिकल असो, मेयो असो की जिल्ह्यातलं कुठलंही एआरटी केंद्र, आमची मागणी एकच: चाळिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल दरवर्षी तपासा, ग्रीन बुकात, म्हणजे रुग्णाच्या नोंदवहीत, सीडी-४ शेजारी लिहा आणि स्टॅटिन मोफत द्या. धाप लागते, छाती जड होते, असं सांगणाऱ्याला 'गोळ्यांमुळे होतं' म्हणून वाटेला लावू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा, गरज असेल तर चिठ्ठी देऊन सुपरच्या हृदयरोग विभागात पाठवा. मेडिकलहून सुपर आहे तरी किती लांब?

आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणून अँजिओग्राफी नाकारणाऱ्यांनो, २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारणं हा त्याखाली भेदभाव ठरतो. २० किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी असायलाच हवा. त्याचं नाव विचारा, तक्रार लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.